बाळंतिणीचं आप्रेशन

आमची खोली आमची नव्हती. ती वडिलांच्या नोकरीची होती. नोकरी आहे तोवर खोली, नोकरी गेली की भांडीकुंडी रस्त्यावर. हे कुणी लिहून दिलं नव्हतं, पण आईच्या बोलण्यात ते दिवसातून एकदा तरी येईच. भुशीकडे जाणाऱ्या रस्त्याला मुंबईच्या एका शेठचा बंगला होता आणि वडील तिथे माळी होते. बंगल्याच्या मागे, लाकडांच्या कोठीला लागून, एक पत्र्याची खोली. तिच्यात आई, वडील, थोरला भाऊ आणि मी.

त्याआधी आम्हाला गाव होतं. पवन मावळात नदीकाठी भाताची दोन खाचरं, एक आंबा आणि कुडाचं घर. धरणाचं पाणी चढलं तेव्हा मी मॅट्रिकला होते. खाचरं गेली, आंबा गेला, घराचा चौथरा तेवढा उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसायचा. आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, पवनानगरच्या वरच्या अंगाला उतारावर छप्पर घालून राहिली. "पान्याकडं बघत मरन, पन हलायची न्हाई," म्हणाली. वडील हलले. त्यांना लेकरं शिकवायची होती.

लोणावळ्याचे बंगले पावसाळ्यात बंद असतात. मालक मुंबईला आणि धुकं त्यांच्या खोल्यांत. भिंतींना बुरशी चढू नये म्हणून वडील रोज एकेका खोलीत शेगडी पेटवून ठेवत आणि गाद्या उलटसुलट करून शेकत. आमच्या पत्र्याखाली शेगडी नव्हती. चूल होती, तिचा धूर होता. माझी कॉलेजची पुस्तकं सर्दाळून फुगायची, म्हणून वडील ती गुपचूप बंगल्यात नेऊन शेगडीपाशी मांडत. माझी बी.ए. शेठच्या गाद्यांबरोबर वाळली, असं मी म्हणते ते खोटं नाही. पुण्याच्या कॉलेजात पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलींच्या पुस्तकांना नव्या कागदाचा वास यायचा. माझ्या पुस्तकांना कोळशाचा यायचा. मला त्याची लाज तेव्हाही वाटली नाही.

वडिलांच्या कामात झाडांना पाणी, गवत कापणं, गाद्या शेकणं आणि पोतं, एवढं सगळं येत असे. पोत्याचं सांगते.

आवारात एक मांजर होती. राखी अंगावर काळे पट्टे, एक कान फाटलेला. कुणाच्या हाताला कधी आली नाही. तिला नाव नव्हतं. आई तिला बाळंतीण म्हणायची, कारण दुसऱ्या कुठल्या अवस्थेत ती आम्हाला दिसलीच नव्हती. पिल्लं व्हायची, डोळे उघडायचे, आणि शेठाणीचा मुंबईहून हुकूम असायचा की बंगल्यात मांजराची पिल्लं दिसता कामा नयेत. मग वडील पिल्लं गोणपाटाच्या पोत्यात घालत, सुतळीने तोंड बांधत आणि रेल्वे ओलांडून खिंडीकडे सोडून येत. पोतं खांद्यावर हलताना मी इथे आल्यापासून पाहत आले होते.

मारायचं मात्र नाही. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, अशी आमच्याकडे पक्की समजूत. त्यामुळे आख्ख्या मावळात कुणी मांजर मारत नव्हतं आणि आख्ख्या मावळात पोती भरून जात होती. खिंडीत कोल्हे खातील, पाऊस मारील, थंडी मारील. आपण नाही मारलं. सोन्याचं मांजर वाचलं.

एकदा वडिलांनी बाळंतिणीलाच कसंबसं पोत्यात कोंडलं आणि वळवणच्या पलीकडे सोडलं. ते चालत परत आले तर ती आधीच चुलीशी बसलेली.

"ही माज्यापरीस जोरात चालती," वडील म्हणाले. त्यांना हसू येत होतं, पण आई हसली नाही. तिने एवढंच म्हटलं, "तिला ठावं हाय तिचं घर कुटं हाय. आपल्याला न्हाई."

शहात्तरच्या उन्हाळ्यात माझा निकाल लागला. आमच्या घराण्यात, आमच्या वाडीत, बुडालेल्या गावात आणि न बुडालेल्या गावात मी पहिली पदवीधर. हे मी पुन्हा पुन्हा सांगते म्हणून लोक मला गर्विष्ठ म्हणतात. म्हणोत. पावसाळ्याच्या तोंडाशी गावातल्याच एका शाळेत मला तात्पुरती नोकरी मिळाली. त्याच दिवसांत भावाची बायको आमच्याकडे बाळंत झाली. दुसरीही मुलगीच. भाऊ चिंचवडला कारखान्यात होता, तिथे खोली मिळेना, म्हणून वहिनी आमच्यातच. एका पत्र्याखाली आम्ही आता एवढी माणसं झालो होतो की पाय पसरायचा तर विचारून पसरावा लागे.

श्रावणात मी वडिलांबरोबर गाद्या शेकायला बंगल्यात गेले. गाद्यांचं कपाट उघडलं तर वरच्या, शेठाणीच्या खास गादीवर बाळंतीण पडलेली आणि तिच्या पोटाशी चार पिल्लं. झरोक्याची काच फुटली होती, तिथून ती आत आली असणार. गादीवर जे व्हायचं ते सगळं झालं होतं. तिने आमच्याकडे पाहून दात दाखवले, पण जागची हलली नाही.

वडील तसेच मागे वळले. कोठीत जाऊन पोतं घेऊन आले.

"पोतं नको, बाबा."

"मग काय करू? पूजा घालू?"

"मी सांभाळते. डोळे उघडेपर्यंत तरी."

"डोळं उघडल्यावर काय? शाळंत घालनार?"

"तुम्ही मला घातलंत ना!"

हे मी उर्मटपणे बोलले, हे मला माहीत आहे. वडिलांनी पोतं खाली टाकलं आणि चिलीम ओढायला बाहेर गेले. मी पिल्लं टोपलीत घेऊन कोठीत लाकडांमागे ठेवली. बाळंतीण फुत्कारत मागून आली. दुसऱ्या दिवशी तिने ती तिथून हलवली. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. आमच्या आवारात सात घरं नव्हती, तिने ती शोधून काढली. पंपाची खोली, जिन्याखालचा कोपरा, फुटक्या पिंपाची मोरी. शेवटी वहिनीच्या बाजेखाली. तिथे ती स्थिरावली, कारण तिथे बाळाला शेक द्यायची शेगडी होती. आमच्या घरात बाळासाठी का होईना, पण शेगडी आली होती. वहिनी म्हणाली, "राहू द्या वन्सं. दोघी बाळंतिणी एकमेकींना सोबत."

एक पिल्लू वाचलं नाही. उरलेल्या तिघांच्या डोळ्यांना चीक धरायचा. मी शाळेत जाण्याआधी कोमट पाण्यात कापूस बुडवून डोळे पुसायचे. वहिनी तिच्या वाटणीच्या दुधातलं बोटभर कापसाच्या वातीने त्यांना पाजायची. आई पाहून न पाहिल्यासारखं करायची आणि मग भाकरीचा कुस्करा जरा जास्तच भिजवायची.

गौरी-गणपती झाले आणि न कळवता शेठाणी आली. सरळ गाद्यांच्या कपाटाशी. आम्ही गादी धुतली होती, पण लोणावळ्यात त्या दिवसांत गादी वाळत नाही. तिने नाकाला रुमाल लावला.

"माळी, हे मांजर नाय, कारखाना हाय! तुला किती वेळा सांगितला?"

वडील टोपी हातात घेऊन उभे. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले.

"दिवाळीला माझी सगळी मंडळी येणार. तेव्हा या आवारात ही पिल्लं-बिल्लं दिसली, तर खोली खाली करायची. मी दुसरा माळी बघेन."

"पिल्लं दिसणार नाहीत," मी म्हणाले.

"तू कोण?"

"माळ्याची मुलगी. बी.ए. झालेय."

"बी.ए. झाली तर मांजराला समजव."

ती गेल्यावर वडिलांनी पुन्हा पोत्याकडे पाहिलं. मी त्यांना सरळच म्हटलं, पोतं नेलंत तर या वेळची पिल्लं जातील. माघात पुन्हा होतील, आषाढात पुन्हा होतील, आणि शेठाणी पुन्हा येईल. पोत्याने आजवर आपली खोली एकदा तरी पक्की झाली का? ते म्हणाले, मग काय करतीस? मी म्हणाले, मांजरीचंच ऑपरेशन करते. पुन्हा पिल्लंच होणार नाहीत.

"शिकून ह्येच सुचलं?"

"शिकले म्हणूनच सुचलं."

सुचलं खरं, पण करणार कोण? गावात गुरांचा दवाखाना होता. तिथला डॉक्टर तरुण, नुकता बदलून आलेला. रोज बैल खच्ची करायचा आणि म्हशींच्या पोटात हात घालायचा. त्याने माझं ऐकलं आणि खुर्चीतच मागे रेलून हसला.

"बाई, इथे माणसांना बैल आणायला चार वेळा निरोप धाडावा लागतो. आणि तुम्ही रानमांजर आणताय?"

"रानमांजर नाही. आमच्या आवारातली आहे. फक्त हाताला येत नाही."

"म्हणजे रानमांजरच." मग तो गंभीर झाला. कॉलेजात असताना मुंबईला त्याने कुत्र्यांची केली होती, मांजरीची एकच. करीन म्हणाला. पण पिल्लं आपापलं खायला लागल्यावर, उपाशीपोटी आणि बंद पिंजऱ्यात आणायची. "आणि धरायचं काम तुमचं. मला ओरबाडून घ्यायचा पगार मिळत नाही."

पिल्लं खायला लागली. धरणं काही जमेना. चिक्कीवाल्याकडून मी एक लाकडी खोका आणला, त्यात बोंबील ठेवला. बाळंतिणीने पंजा घालून बोंबील बाहेर ओढला आणि माझ्यासमोर बसून खाल्ला. दुसऱ्या दिवशी खोक्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दिवाळी जवळ येत होती. वडील मदत करायला तयार नव्हते. गावात हसं होईल, म्हणायचे. तेव्हा मला आत्याचं डालगं आठवलं. कोंबड्या झाकायचं, तिने स्वतः विणलेलं, बांबूचं, एवढं मोठं की लहानपणी मी त्याखाली लपायचे.

कामशेतहून पवनानगरला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे निरोप दिला की पोचतो. शाळेतली एक बाई रोज कामशेतहून यायची. तिला मी सांगितलं, "माझ्या आत्याला कळव. बाळंतिणीचं ऑपरेशन करायचंय, मोठं डालगं घेऊन लगेच ये."

आता या वाक्यात चुकीचं काय होतं, हे तुम्हीच सांगा. माझ्या घरात बाळंतीण म्हणजे कोण, हे दोन वर्षांच्या पोरालाही माहीत होतं. पण त्या वर्षी, आणीबाणीत, मावळात आप्रेशन या शब्दाला एकच अर्थ उरला होता, नसबंदी. अपेंडिक्सचं असो की मोतीबिंदूचं, कुणी आप्रेशन म्हटलं की गडी शेताच्या बांधावरून पळायचे. सरकारी माणसं माणसं गोळा करत होती. आमच्या शाळेत प्रत्येक शिक्षकाने 'केस' आणायची असं ठरलं होतं, आणि मी हेडमास्तरांना तोंडावर सांगितलं होतं की माझ्याकडून केस मिळणार नाही. कुणाला जायचं असेल तर तो आपल्या पायाने जाईल. तात्पुरत्या बाईने हे बोलणं बरं नव्हे, असं त्यांनी मला समजावलं. मी समजून घेतलं नाही.

निरोप बाईकडून कंडक्टरकडे, कंडक्टरकडून चहाच्या टपरीवर आणि टपरीवरून आत्याकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी, रविवार होता, बंगल्याच्या फाटकावर आत्याचा आवाज आला आणि आख्खा रस्ता थांबला.

"कुटं हाय त्यो डाक्टर? कुटं हाय? माज्या भावाच्या सुनंला हात लावून दावा!"

डोक्यावर डालगं, कमरेला पदर खोचलेला, हातात कोयता. वाटेत कंडक्टरशी भांडून आलेली, कारण त्याने डालग्याला सामानाचं तिकीट मागितलं होतं. आई धावत गेली. आत्याने तिला बाजूला सारलं.

"सून कुटं हाय? पोर कुटं हाय? ह्ये आनलंय डालगं. पोरीला ह्यात घाल, वरनं पाला टाक, मी लोकलनं न्हेते तिला. कोन इचारतंय बघते. अगं बाळंतीन ती! तिचं आप्रेशन करत्यात? मानसं हैत का लांडगं?"

डालगं लगेच घेऊन ये, याचा तिने लावलेला अर्थ हा होता. बाळाला झाकून पळवून न्यायला आम्ही डालगं मागवलं.

वहिनी बाळाला घेऊन दारात आली. तिच्या पायाशी बाळंतीण, पट्टेरी, फाटक्या कानाची, आत्याकडे पाहत होती.

"आत्या," मी म्हणाले, "ही बाळंतीण. हिचं ऑपरेशन."

आत्याने वहिनीकडे पाहिलं, मांजरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोक्यावरून डालगं उतरवलं आणि त्यावरच बसली.

"मांजर?"

"मांजर."

"मांजरीसाठी मी आख्खी वाट शिव्या देत आले? टेसनावरच्या पोलिसाला पन दिल्या गं!"

मग ती हसायला लागली. वहिनी हसली, आई हसली, फाटकाशी जमलेली माणसं हसली. शेजारच्या बंगल्याचा राखणदार म्हणाला, "आता मांजरांची पन केस धरत्यात व्हय? बाईंचा नंबर लागला म्हना!" वडील मान खाली घालून गवत कापत राहिले. हसं होईल म्हणाले होते, ते झालं होतं.

पण आत्या हसायची थांबली आणि तिने मला जवळ बोलावलं. तिची नजर आता वेगळी होती.

"एक सांग. त्या मांजरीला इचारलंस का?"

"नाही विचारलं."

"मग तुज्यात आन् त्या गोळा करनाऱ्यांत फरक काय?"

हा प्रश्न मला आजवर कुणी बी.ए. झालेल्याने विचारलेला नाही. मी उत्तर दिलं, ते आजही बदलणार नाही. म्हटलं, आत्या, वहिनी बोलू शकते. तिला विचारलंच पाहिजे, आणि ती नाही म्हणाली तर तुझ्या आधी मी कोयता घेईन. मांजर बोलत नाही. तिच्या वतीने आपण आजवर उत्तर देतच आलोय. पोत्यात घालताना तिला कुणी विचारलं होतं? खिंडीत पिल्लं टाकून आल्यावर ती दोन दिवस आवारभर ओरडत फिरायची, ते तुझ्या भावाने दर वेळी ऐकलंय. त्याला विचार.

आत्याने वळून वडिलांकडे पाहिलं. वडिलांचा विळा थांबला होता.

"व्हय रं?"

"व्हय," वडील म्हणाले. 

आत्या उठली. "मग बसलाईस काय? पोतं बांधाया येतं, डालगं लावाया येत न्हाई? उठ!"

थोरल्या बहिणीपुढे माझ्या वडिलांचं कधीच काही चाललं नाही. ते उठले.

डालगं एका बाजूने काठीवर टेकवलं, काठीला दोरी. आत तळलेला बोंबील. आम्ही सगळ्या दाराआड लपलो, दोरी आत्याच्या हातात. थोड्या वेळाने सळसळ झाली, आत्याने दोरी ओढली, डालगं धप्पकन पडलं आणि आत असा काही धिंगाणा सुरू झाला की डालगं चालायला लागलं.

"गावली! गावली!"

आत शेजारच्या बंगल्याचा पिवळा बोका होता. गालफडं सुजलेली, डोळ्यांत खून.

"ह्याचंच करा की," आत्या म्हणाली. "खरा गुन्हेगार ह्यो!"

"ह्याचं करून काय उपयोग? खंडाळ्यापर्यंतचे सगळे बोके धरावे लागतील."

"धरा मग! सरकार काय करतंय येवडी मानसं घिऊन?"

बोक्याला सोडलं. बाळंतीण बंगल्याच्या कौलावर बसून हे सगळं पाहत होती. आता ती डालग्याखाली येणं शक्य नव्हतं. आत्याने एकदोनदा पुन्हा लावून पाहिलं आणि कंटाळून पान खायला बसली. मग वडील आत गेले, वहिनीच्या बाजेखालून एक पिल्लू आणलं, ते डालग्याच्या मागच्या कडेशी फडक्यावर ठेवलं आणि दोरी स्वतःच्या हातात घेतली. पिल्लू ओरडायला लागलं. वडील आम्हा कुणाकडे न पाहता म्हणाले, "त्या आवाजाला ती येती. मला ठावं हाय."

ती आली. कौलावरून उतरली, थांबली, पुन्हा वर गेली, पुन्हा उतरली. शेवटी आत शिरून तिने पिल्लाला मानेशी धरलं आणि वडिलांनी दोरी ओढली. मग त्यांनी डालग्याखाली फळी सरकवली आणि सुतळीने आवळली. पोत्याचीच सुतळी, तीच गाठ. पिल्लू आधी कडेने हळूच काढून घेतलं. त्याने ओरबाडलं, बाळंतिणीने ओरबाडलं, मनगटातून रक्त आलं. वडिलांनी हात मागे घेतला नाही.

सोमवारी मी शाळेत रजा टाकली. वडील आणि आत्या डालगं दोन बाजूंनी धरून बाजारपेठेतून चालले आणि मी पुढे. दुकानांच्या पायऱ्यांवरून माणसं विचारत होती, "काय न्हेताय, भाऊ?" वडील आधी नुसते पुढे चालत राहिले. तिसऱ्या-चौथ्या वेळेला त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "मांजर हाय. आप्रेशनला चाललीय. काय म्हननं हाय?"

कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

डॉक्टरने तिच्या नाकाशी औषधाचा बोळा धरला, ती सैल पडली, आणि तेव्हा पहिल्यांदा मी तिला हात लावला. एवढी वर्षं जी आवारभर वाघिणीसारखी वाटायची, ती हाताला नुसती हाडं होती. डॉक्टर बराच वेळ काहीतरी शोधत राहिला, घामाघूम झाला आणि एकदा "थांबा" म्हणाला. ते "थांबा" मी विसरणार नाही. मग टाके घातले. शुद्धीवर येताच तिने त्याच्यावरही फुत्कार टाकला. "बरी आहे," तो म्हणाला. टाके निघेपर्यंत ती आमच्या कोठीत डालग्याखाली होती आणि वर धोंडा. दोन वेळा तिला खायला घालायचं काम वडिलांनी न सांगता उचललं. सोडली तेव्हा ती माझ्याकडे न बघता गेली. आभार मानायला ती काही माणूस नव्हती.

पिल्लांची सोय दिवाळीआधी झाली. एक चिक्कीवाल्याने नेलं, त्याच्या शेंगदाण्याच्या पोत्यांना उंदीर भोकं पाडायचे. एक रेल्वेच्या केबिनवाल्याने. तिसरं आत्या डालग्यात घालून घेऊन गेली. या वेळी कंडक्टरने तिकीट मागितलं नाही म्हणे.

शाळेच्या स्टाफरूममध्ये माझं स्वागत टाळ्यांनी झालं. "बाईंनी केस आणली हो!" हेडमास्तरही हसले. मी म्हटलं, "आणली. आणि घरी नेऊन टाके भरेपर्यंत सांभाळली. तुम्ही आणलेल्या माणसांच्या घरी नंतर कोण गेलं होतं?" मग कुणी हसलं नाही. वर्षाअखेरीस माझी तात्पुरती नोकरी पुढे चालू ठेवली नाही. मी दुसऱ्या शाळेत लागले.

दिवाळीला शेठाणी मंडळींसह आली. पहिल्याच सकाळी बाळंतीण व्हरांड्यात तिच्या खुर्चीखाली बसलेली.

"माळी! बिल्ली तर इथेच आहे!"

वडिलांनी टोपी काढली नाही. मी बोलणार तेवढ्यात तेच बोलले. "हाय. हितंच ऱ्हानार. पिल्लं व्हनार न्हाईत. आप्रेशन केलंय."

"कुणी?"

"आमी."

तिला खरं वाटेना. मी सगळं सांगितलं. वर हेही सांगितलं की या पावसात शेजारच्या बंगल्यात उंदरांनी सोफे फाडले आणि आपल्याकडे एक दोराही कुरतडला नाही, हे कुणामुळे ते बघा. मांजर हलवायची तर उंदीर ठेवायचे, दोन्हींतलं एक निवडा. शेठाणीने खुर्चीखाली वाकून मांजरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मे महिन्यात बघते. तेव्हा एक जरी पिल्लू दिसलं, तर माळी, तू आणि तुझी बी.ए."

माघ आला. बोके कौलांवर भांडायला लागले. वडील रोज सकाळी पाणी घालताना बाळंतिणीच्या पोटाकडे बघायचे, जसे पूर्वी ढगांकडे बघायचे. आई म्हणायची, "काय ते बघनं! लोक काय म्हनतील?" पोट सपाटच राहिलं. होळी झाली. तिच्या अंगावर मांस चढलं आणि केस चमकायला लागले. तिची हाडं झाकलेली आम्ही प्रथमच पाहत होतो. आई तिला बाळंतीणच म्हणत राहिली. आता बदलायचं कशाला, म्हणाली.

मे महिन्यात शेठाणीने कपाट उघडलं, गाद्या हुंगल्या, कोठी पाहिली, पंपाची खोली पाहिली. काही सापडलं नाही.  फक्त जाताना विचारलं, "त्या बिल्लीला दूध देता की नाय?"

ती मांजर त्याच आवारात म्हातारी होऊन मेली. तिला पुन्हा पिल्लं झाली नाहीत. आम्ही आमचं स्वतःचं घर बांधून आपणहून निघेपर्यंत वडिलांची खोली कुणी मागितली नाही. आणि त्या फाटकातून पुन्हा कधी पोतं बाहेर गेलं नाही.